संरक्षण आदेश हातात आल्यावर : पाठलाग थांबत नसेल तर काय करावे

आदेश मिळाल्यापासून अकराव्या दिवशी, ज्याच्याविरुद्ध तो मिळवला होता तो माणूस मला माझ्या कार्यालयासमोरच्या रसवंतीवर बसलेला दिसला. रसाचा पेला समोर ठेवून, फाटकाच्या आत पाऊलही न टाकता, तो सायंकाळी साडेपाच ते साडेसहा असा रोज तासभर तिथे बसू लागला. मी आदेशाची झेरॉक्स घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा ठाणे अंमलदारांनी ती नीट वाचली आणि म्हणाले, "ताई, यात कामाच्या ठिकाणी प्रवेश करू नये असं लिहिलंय. रसवंती सार्वजनिक आहे." त्यांचे म्हणणे अपुरे होते, पण पूर्ण चूकही नव्हते, आणि हा फरक कळायला मला चार महिने लागले. ते चार महिने इतर कोणाचे वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

येथे 'संरक्षण आदेश' म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याच्या कलम १८ खालील आदेश. तो पती, पूर्वीचा पती, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेला जोडीदार किंवा एकाच घरात राहिलेला नातेवाईक यांच्याविरुद्ध मिळतो. अनोळखी माणूस, सहकारी किंवा नकार पचवू न शकलेला ओळखीचा मुलगा पाठलाग करीत असेल, तर हा कायदा लागू होत नाही आणि थेट भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा नोंदवावा लागतो. पुरावे आणि फोन यांविषयीचे पुढचे टप्पे मात्र त्यांनाही उपयोगी पडतील. मी वकील नाही, त्यामुळे आपल्या प्रकरणात शेवटचा शब्द वकिलांचा असू द्यावा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, कारण स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो (दूरध्वनी १५१००).

हे वाचत असताना तो दाराबाहेर उभा असेल, तर वाचन थांबवून ११२ लावावा.

१. आदेश स्वतः, शब्दन् शब्द वाचावा

वकिलांनी "ऑर्डर झाली" म्हटले, की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि कागद कपाटात जातो. तसे करू नये. पेन्सिल घेऊन पुढील गोष्टींखाली रेघ ओढावी. आदेश अंतरिम आहे की अंतिम? अंतरिम असेल, तर तो 'पुढील आदेशापर्यंत' आहे की 'पुढील तारखेपर्यंत'? दुसऱ्या प्रकारात प्रत्येक तारखेला मुदतवाढ झाल्याची नोंद रोजनाम्यात (न्यायालयाच्या त्या-त्या तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत) पाहणे अत्यावश्यक आहे, कारण वकील गैरहजर आणि न्यायाधीश रजेवर अशा एखाद्या दिवशी मुदतवाढ राहून जाते आणि पुढच्या भंगाच्या वेळी सामनेवाल्याचा (ज्याच्याविरुद्ध आदेश आहे त्याचा) वकील नेमके तेच दाखवतो. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा ओळख क्रमांक) टाकला, की तारखा घरबसल्या दिसतात.

त्यानंतर मनाई नेमकी कशाची आहे, ते पाहावे. कलम १८ मध्ये न्यायालय बरेच काही घालू शकते : हिंसाचार करणे किंवा त्याला साहाय्य करणे, नोकरीच्या ठिकाणी किंवा मुलांच्या शाळेत शिरणे, तोंडी, लेखी, दूरध्वनीवरून वा इलेक्ट्रॉनिक मार्गाने कोणताही संपर्क साधणे, आपल्या आईवडिलांना वा मदत करणाऱ्यांना त्रास देणे. परंतु कायद्यात सोय आहे म्हणून ती आपल्या आदेशात असतेच असे नाही. अर्जात जे मागितले नव्हते, ते बहुधा मिळालेले नसते. माझ्या अर्जात संपर्काविषयी एक ओळ होती आणि रस्त्यावर ताटकळत उभे राहण्याविषयी एकही नव्हती.

२. प्रमाणित प्रती घ्याव्यात आणि बजावणीचा पुरावा मिळवावा

कलम २४ प्रमाणे आदेशाची एक प्रत पक्षकारांना विनामूल्य मिळते. ती मूळ म्हणून जपावी आणि नक्कल विभागात अर्ज देऊन आणखी दोन-तीन प्रमाणित प्रती काढून घ्याव्यात. ठाण्यात साध्या झेरॉक्सकडे ज्या नजरेने पाहिले जाते आणि न्यायालयाच्या शिक्क्याच्या प्रतीकडे ज्या नजरेने पाहिले जाते, त्यांत फार अंतर आहे.

याहून दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे बजावणी, अर्थात आदेश त्याच्या हाती रीतसर पोहोचवणे. आदेश एकतर्फी झाला असेल, तर "मला माहीतच नव्हते" हा त्याचा पहिला बचाव असतो. म्हणून बजावणीचा अहवाल फाइलवर आला आहे का, हे पाहावे आणि त्याचीही नक्कल घ्यावी.

३. आदेश योग्य ठाण्यांवर आपण स्वतः पोहोचवावा

कायद्याप्रमाणे प्रत पोलिसांना जाते हे खरे, पण ती ज्या हद्दीत न्यायालयाकडे दाद मागितली तेथील ठाण्याला जाते. आपले माहेर एका हद्दीत, कार्यालय दुसऱ्या आणि मुलाची शाळा तिसऱ्या हद्दीत असेल, तर उरलेल्या दोन ठाण्यांना या आदेशाचा पत्ताही नसतो. प्रत्येक ठिकाणी एक पानी पत्र, सोबत आदेशाची प्रत आणि सामनेवाल्याचा अलीकडचा फोटो, त्याच्या गाडीचा क्रमांक व त्याचे ठाऊक असलेले फोन क्रमांक द्यावेत. पत्र बारनिशीत (ठाण्याच्या आवक-जावक कक्षात) द्यावे आणि आपल्या प्रतीवर तारीख, आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय तेथून उठू नये. बीट अंमलदारांचे (आपल्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसांचे) नाव व क्रमांक विचारून घ्यावा, कारण रात्री नऊ वाजता उपयोग त्यांचा होतो. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांनाही (या कायद्याखाली पीडितेच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांना) एक प्रत द्यावी.

कार्यालयाच्या सुरक्षारक्षकाला, सोसायटीच्या वॉचमनला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना पूर्ण आदेश देण्याची गरज नसते. फोटो आणि "हे गृहस्थ आले तर आत सोडू नये, वेळ वहीत लिहून मला फोन करावा" एवढे पुरे. संकोच वाटतो, मलाही वाटला. पण पुढे माझ्या खटल्यात सर्वांत उपयोगी ठरली ती वॉचमनकाकांची नोंदवही, कारण त्यांना दोघांच्या भांडणाशी काही देणेघेणे नव्हते.

४. एकदा स्पष्ट नकार द्यावा, त्यानंतर अक्षरही लिहू नये

कलम ७८ मधील पाठलागाच्या व्याख्येत स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दर्शवल्यानंतरही वारंवार संपर्क साधणे हा कळीचा भाग आहे. त्यामुळे वकिलांच्या सल्ल्याने एकच संदेश द्यावा : "न्यायालयाच्या अमुक तारखेच्या आदेशानुसार आपण मला कोणत्याही मार्गाने संपर्क करू नये. मला संपर्क नको आहे." त्यानंतर शिवी आली, माफी आली, आत्महत्येची धमकी आली, तरी उत्तर देऊ नये. आत्महत्येच्या धमकीचा संदेश आला, तर तो ११२ ला आणि त्याच्या एखाद्या नातेवाइकाला कळवावा, त्याला नव्हे.

घराघरांत होणारी चूक अशी, की मावशी किंवा त्याचा मोठा भाऊ "एकदा भेटून मिटवून टाका" म्हणतो आणि आपण हॉटेलात चहाला जातो. त्या एका चहाचा फोटो पुढे न्यायालयात "तिलाच भेटायचे होते" म्हणून दाखवला जातो. मध्यस्थाने आणलेला निरोपही तारखेसह लिहून ठेवावा. मुलांची भेट न्यायालयाने ठरवून दिलेली असेल, तर तिचे ठिकाण, वेळ आणि निरोपाचा एकच मार्ग न्यायालयाकडूनच लिहून घ्यावा. नाहीतर पाठलागाला दर रविवारी दार उघडे मिळते.

५. नोंदवही आणि पुरावे

दोनशे पानांची पक्क्या बांधणीची वही घ्यावी. सुटी पाने किंवा फाडता येणारी वही नको. प्रत्येक घटनेसाठी तारीख, वेळ, जागा, काय घडले, कोणी पाहिले आणि आपण काय केले, एवढे त्याच दिवशी लिहावे. विशेषणे टाळावीत. "आज पुन्हा त्या राक्षसाने छळले" यापेक्षा "१७.४२, रसवंतीजवळ मोटारसायकलवर बसलेला, मी बाहेर आल्यावर गाडी सुरू करून बसथांब्यापर्यंत मागे आला, सोबत लेखा विभागातील सहकारी होत्या" हे शंभर पटींनी मोलाचे आहे. माझ्या वहीत बेचाळीस नोंदी झाल्या. एकेकटी पाहिली तर त्यांतली प्रत्येक किरकोळ वाटते, पण ओळीने वाचल्यावर तपास अधिकाऱ्यांनी मान वर करून विचारले, "इतके दिवस कुठे होतात?"

संदेशांच्या बाबतीत पुसून टाकण्याचा मोह आवरावा. स्क्रीनशॉटमध्ये केवळ नाव नव्हे, तर क्रमांक, तारीख व वेळ दिसली पाहिजे. म्हणून आधी संपर्कयादीतले नाव काढून टाकावे, म्हणजे क्रमांक उघडा दिसतो. संपूर्ण संभाषण निर्यात करून ते स्वतःला ईमेल करावे. फोन बदलला तरी जुना फोन विकू नये. सर्वच क्रमांक लगेच ब्लॉक करावेत का, याबद्दल मतभेद आहेत. मी एक जुना क्रमांक आवाज बंद करून चालू ठेवला आणि त्याचे सगळे संदेश तिथेच साचत गेले. ज्यांना ते वाचून रात्रभर झोप लागत नाही, त्यांनी तो फोन विश्वासू बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवावा.

एक विचित्र वाट मला ठाऊकच नव्हती. सर्व क्रमांक बंद झाल्यावर त्याने यूपीआयवरून माझ्या खात्यात एक-एक रुपया पाठवायला सुरुवात केली आणि त्याखालच्या टिपेत मजकूर लिहू लागला. "निळी साडी छान दिसते." एक रुपयाच्या अशा नऊ नोंदी बँकेच्या विवरणपत्रात आल्या, आणि बँकेचे विवरणपत्र हा स्क्रीनशॉटपेक्षा अधिक भक्कम कागद असतो. त्याला हे सुचले नसावे. अशा वेळी तो रुपया परत पाठवू नये.

इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायचा, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. त्याच्या नमुन्याचे दोन भाग आहेत, एक पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. जुन्या कायद्यात हेच कलम ६५ब होते. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील उमेदवारी अर्जाच्या चित्रीकरणावरून उभा राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२० मध्ये न्यायालयाने हे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे ठामपणे सांगितले. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर गोष्ट वेगळी, आणि जुना फोन जपायचा तो याचसाठी.

सीसीटीव्हीचे चित्रण अनेक ठिकाणी काही दिवसांतच पुसले जाते. म्हणून घटनेच्या दुसऱ्याच दिवशी दुकानदाराला किंवा सोसायटीला ते जपून ठेवण्याचे लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोचप्रत तक्रारीला जोडावी.

६. त्याला आपला ठावठिकाणा कळतो कसा?

एकत्र राहिलेल्या माणसाकडे आपल्या आयुष्याच्या किल्ल्या राहून गेलेल्या असतात. माझ्याबाबतीत ती किल्ली होती फास्टॅग. गाडी माझी, पण फास्टॅग त्याच्या मोबाईलवर नोंदलेला. मी कोणत्या टोलनाक्यावरून किती वाजता गेले, याचा संदेश मिनिटभरात त्याला पोहोचत होता, आणि मी मात्र फोनमध्ये हेरगिरीचे अ‍ॅप शोधत बसले होते.

एका शांत दुपारी पुढील गोष्टी तपासाव्यात : व्हॉट्सअ‍ॅपमधील जोडलेली उपकरणे, गुगल किंवा अ‍ॅपल खात्यात प्रवेश केलेली उपकरणे, खाते परत मिळवण्यासाठी दिलेला क्रमांक व ईमेल, नकाशातील ठिकाण सामायिक करण्याची सोय, बँक व आधारशी जोडलेला मोबाईल, घरपोच खाद्यपदार्थांच्या अ‍ॅपमधले सामायिक खाते, सोसायटीच्या फाटकाचे अ‍ॅप, शाळेचे अ‍ॅप आणि सामायिक कुटुंब योजनेतले सिमकार्ड. गाडी एकदा मेकॅनिककडून जीपीएस उपकरणासाठी खालून तपासून घ्यावी. असे उपकरण सापडले तर ते उपटून फेकू नये. आहे तसा फोटो काढावा आणि पोलिसांना पंचनामा करायला सांगावे. पासवर्ड बदलायचे ते त्याने कधीही न हाताळलेल्या फोनवरून बदलावेत. इंटरनेटवरील किंवा ईमेलवरील आपल्या वापरावर पाळत ठेवणे हाही कलम ७८ खालील गुन्हा आहे. बनावट खाती किंवा फोटो पसरवणे असा प्रकार असेल, तर १९३० किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करावी.

७. आदेशाचा भंग झाल्यावर तक्रार

पहिला भंग लहान असतो आणि आपण तो सोडून देतो. सोडू नये. तक्रारीचे तीन मार्ग आहेत : संरक्षण अधिकारी, पोलीस ठाणे किंवा थेट आदेश देणारे न्यायदंडाधिकारी. धोका जवळ असेल, तर पोलीस ठाणेच गाठावे.

सोबत न्यायचे कागद :

- आदेशाची प्रमाणित प्रत आणि बजावणी अहवालाची नक्कल
- चालू असलेल्या अंतरिम आदेशाबाबत शेवटच्या तारखेचा रोजनामा
- ठाण्यात पूर्वी दिलेल्या पत्रांच्या शिक्क्याच्या प्रती
- नोंदवही व तिच्या संबंधित पानांच्या झेरॉक्स
- स्क्रीनशॉटच्या छापील प्रती, बँकेचे विवरणपत्र, पेनड्राइव्ह
- साक्षीदारांची नावे व क्रमांक
- स्वतःचे ओळखपत्र
- अधिनियमाच्या कलम ३१ व ३२ ची छापील प्रत

शेवटचा कागद विनोद नाही. कलम ३१ प्रमाणे संरक्षण आदेशाचा, अंतरिम आदेशाचाही, भंग केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ३२ प्रमाणे हा गुन्हा दखलपात्र (पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असा) आणि अजामीनपात्र आहे, आणि केवळ पीडितेच्या साक्षीवरूनही न्यायालय गुन्हा घडल्याचा निष्कर्ष काढू शकते. शिक्षा एकाच वर्षाची म्हटल्यावर हा गुन्हा अदखलपात्र असेल असे पुष्कळांना वाटते, ठाण्यात बसलेल्यांनासुद्धा. मग आपल्या हातात 'एनसी' (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) ठेवली जाते आणि आपण समाधानाने घरी येतो. एनसीवर पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करीत नाहीत. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले आहे. आवाज न चढवता एवढे म्हणावे : "मला एनसी नको. कलम ३१ आणि कलम ७८ खाली प्रथम खबर (एफआयआर) नोंदवून तिची प्रत द्यावी."

दोन्ही कलमे का हवीत, हे समजून घ्यावे. पाठलागाला पहिल्या दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण तो पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे ठाण्यातूनच जामीन होऊन तो रात्रीच्या जेवणाला घरी जातो. भंगाच्या कलमाची शिक्षा कमी, पण ते अजामीनपात्र. एका कलमात जे नाही, ते दुसऱ्यात आहे. धमकी दिली असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ ही लावून घ्यावे. अर्थात अजामीनपात्र म्हणजे अटक ठरलेलीच, असेही समजू नये. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस पुष्कळदा अटक न करता हजर राहण्याची नोटीस देतात. तसे झाले, तर आपल्या भीतीची कारणे लेखी देऊन प्रतिबंधक कारवाईची, बोलीभाषेत 'चॅप्टर केस'ची, मागणी करावी.

जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवावा, असा आग्रह धरण्याचा आपल्याला अधिकार आहे. सही करण्यापूर्वी जबाब पूर्ण वाचावा. माझ्या पहिल्या जबाबात "पती-पत्नीच्या किरकोळ वादातून" हे शब्द आले होते, मी म्हटलेले नसताना. मी ते खोडायला लावले आणि त्यात पाऊण तास गेला.

गुन्हा नोंदवून घेतलाच नाही, तर तक्रार पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तेथे उपायुक्तांना, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावी. त्यानेही काम झाले नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. त्या अर्जाला पोस्टाची पावती लागते, म्हणून ती जपावी. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो.

पोटगी थकली म्हणून कलम ३१ लावण्याचा आग्रह मात्र धरू नये. वसुलीचा मार्ग वेगळा आहे आणि दोन्ही एकत्र केल्यास पाठलागाची तक्रार पैशांच्या वादासारखी दिसू लागते.

८. आदेशात पळवाट असेल तर ती बुजवून घ्यावी

रसवंतीचा प्रश्न सुटला तो येथे. परिस्थिती बदलल्यास कलम २५(२) खाली आदेशात फेरबदल मागता येतो. माझ्या वकिलांनी वहीतल्या तारखांचा तक्ता जोडून अर्ज केला आणि नव्या आदेशात घर, कार्यालय व शाळा यांच्या पत्त्यांसह त्यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत थांबू नये, त्रयस्थामार्फत, नव्या क्रमांकावरून किंवा पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपवरून संपर्क करू नये, असे स्पष्ट शब्द आले. पोलिसांनी आदेशाच्या अंमलबजावणीत साहाय्य करावे, असा निर्देशही मागावा. नवा आदेश आला, की टप्पा दोन आणि तीन पुन्हा पहिल्यापासून करावेत. जुनी प्रत ठाण्यात राहिली, तर पोलीस जुनीच वाचतात.

त्याने सत्र न्यायालयात अपील केले, म्हणून आदेश थांबत नाही. ठाण्यात येऊन तो "स्टे आहे" म्हणाला, तर स्थगितीचा लेखी आदेश दाखवायला सांगावे.

९. जामिनाच्या दिवशी हजर राहावे

तपास अधिकाऱ्यांना रिमांड व जामिनाची तारीख आधीच विचारून ठेवावी आणि सरकारी वकिलांना सुनावणीपूर्वी दहा मिनिटे भेटावे. त्यांच्यापुढे त्या दिवशी तीस फाइली असतात. घटनांचा एक पानी तक्ता हातात दिला, तर ते तो वापरतात, पन्नास पाने दिली तर वापरत नाहीत. जामीन मिळालाच, तर संपर्कबंदी, ठरावीक दिवशी ठाण्यात हजेरी आणि ठरावीक परिसरात येण्यास मनाई या अटी मागाव्यात. अटींची प्रत घ्यावी, कारण त्यांतली एकही मोडली तर जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. सुटकेनंतरचे पहिले काही दिवस एकटीने प्रवास टाळावा आणि जाण्यायेण्याची वेळ बदलावी.

१०. गाव बदलल्यास

या अधिनियमाखालील आदेश भारतभर अंमलात आणता येतो आणि अंतिम संरक्षण आदेश आपण स्वतः रद्द करून मागेपर्यंत टिकतो, त्यामुळे नव्या शहरात नव्याने खटला भरावा लागत नाही. तेथील ठाण्यात पत्र आणि प्रमाणित प्रत द्यावी. नवा पत्ता न्यायालयीन कागदांतून त्याच्यापर्यंत पोहोचू नये, यासाठी वकिलांच्या कार्यालयाचा पत्ता देण्याची परवानगी मागावी. पार्सलच्या जुन्या अ‍ॅपमध्ये नवा पत्ता साठवू नये, आणि टपाल पत्ताबदलाचा अर्ज केला असल्यास जुन्या घरी तो कोणाच्या नजरेस पडेल याचा विचार करावा.

मी गेल्या वर्षी बदली घेतली. नव्या ठाण्यातील बारनिशीच्या ताईंनी पत्रावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि फोटो पाहून विचारले, "गाडी तीच आहे का अजून?" गाडी बदलली होती. नवा क्रमांक मी त्यांना तिथेच लिहून दिला.